मुलांसाठी रोजचा सुविचार: उपदेश न वाटता कसा पोहोचवावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहतो. मुलगी सहावीत आहे, मुलगा दुसरीत. दोघेही इंग्रजी माध्यमात शिकतात. मला ऐरोलीला लवकर पोहोचावे लागत असल्यामुळे मुले उठण्याआधीच मी घराबाहेर पडलेली असते, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक लहान फळा लावून त्यावर रोज एक वाक्य लिहून ठेवायला सुरुवात केली. आमच्या वेळी मराठी शाळेत फळ्याच्या वरच्या कडेला सुविचार असे आणि तो लिहिण्याची पाळी आपल्यावर यावी म्हणून अक्षर सुधारण्याची चढाओढ चाले. माझ्या मुलांच्या शाळेत ही पद्धत नाही.

अडचण मुख्यतः मुलीची आहे. 'हे आजोबांच्या व्हॉट्सॲपवर रोज येते, गुलाबाच्या फुलासकट,' असे तिचे म्हणणे आहे, आणि ते खोटे म्हणता येत नाही. शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली नाही, त्यानंतर फळ्यावर 'प्रयत्नांती परमेश्वर' वाचून तिने विचारले, की हे म्हणणाऱ्याची निवड झाली होती का? प्रश्न उर्मट वाटला तरी रास्त होता.

तेव्हापासून वाक्य कोणाचे आणि कोणत्या प्रसंगातले, हे मी पाहू लागले. फिरत्या संदेशांतल्या पुष्कळ वाक्यांखाली विवेकानंदांचे किंवा अब्दुल कलामांचे नाव असते, पण ते कोणत्या भाषणातले वा पत्रातले, याचा पत्ता नसतो. 'उठा, जागे व्हा' हे विवेकानंदांमुळे घरोघरी पोहोचले हे खरे; मूळ मात्र कठोपनिषदात, यम-नचिकेत संवादात आहे. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेला आणि पुढे धन, राज्य, दीर्घायुष्य यांपैकी काहीही नको म्हणून आपल्या प्रश्नाला चिकटून बसलेला मुलगा, ही गोष्ट सांगितल्यावर मुलगी प्रथमच त्या वाक्यावर माझ्याशी वाद घालायला बसली. धाकट्यालाही गाडगे महाराज आवडले ते आधी गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहत, हे ऐकून. नुसते 'स्वच्छता राखा' त्याने कधी वाचलेही नसते.

सासूबाई मनाचे श्लोक सुचवतात. श्लोक 205 आहेत. जूनमध्ये शाळा उघडताना रोज एक घ्यायला लागलो तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतात. मला त्यातली एक गोष्ट फार पटते: समर्थ समोरच्याला न बजावता मनाला समजावतात, त्यामुळे वाचणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत आहे असे वाटत नाही. परंतु मुलाला जोडाक्षरे अजून अडतात आणि अर्थ सांगायला सकाळी मी घरी नसते.

म्हणून अनुभवी पालकांना विचारते, की रोज नवे वाक्य देण्याऐवजी आठवडाभर एकच ठेवून त्यामागचा प्रसंग रविवारी निवांत सांगणे अधिक परिणामकारक ठरते का? मूल हिरमुसलेले असेल त्या दिवशी प्रसंगाला साजेसे वाक्य लिहावे, की फळा सरळ कोरा ठेवावा? दोन मुलांच्या वयात अंतर असेल तर फळा एकच ठेवता, की वेगवेगळा? कोणाच्या घरी मुलेच वाक्य निवडून लिहीत असतील, तर ते कसे जमवले हेही कृपया सविस्तर लिहावे.

प्रसंगांसह विश्वासार्ह वचने देणारी मराठी पुस्तके कोणी सुचवली तर फार उपयोग होईल. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचे असल्याने जुनी, आता दुकानांत न मिळणारी पुस्तकेही चालतील, मी तिथे जाऊन शोधेन. फक्त वाक्य पाठ केल्याबद्दल चॉकलेट किंवा मोबाइलचा वेळ देण्याचा उपाय सुचवू नये, ही विनंती. तो आम्हांला करायचा नाही.