जेसीबीच्या मागच्या बकेटचे दात घासले, वेल्डिंग करून चालवायचं की नवा सेट? (इंदूर)

राऊवाला_थ्रीडीएक्स:

नमस्कार मंडळी. जेसीबीची थ्रीडीएक्स (पुढे लोडर, मागे खोदायची बकेट) आहे, सेकंडहँड घेतलेली, राऊ-पिथमपूर-महू या पट्ट्यात चालते. कामं सगळी मिक्स, प्लॉटचे पाये, पाइपलाइनची नाली, मधेच एखादं शेततळं. वरती काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली आपला तो काळा पत्थर, कुठे चार फुटांवर लागतो तर कुठे हातभर खालीच.

मागच्या बकेटचे दात पार बोथट झालेत. मधल्यांना टोक म्हणून काही उरलंच नाही, आणि डाव्या कोपऱ्याचा इतका गेलाय की खालच्या बोल्टचा माथा जमिनीला घासून चकचकीत झालाय. नालीत बकेट घुसतच नाही, ऑपरेटर वरून दाब देतो तर मशीनच जॅकवर उचलली जाते. डिझेल जास्त लागतंय हे वेगळं सांगायला नको. ऑपरेटरला विचारलं तर एकच उत्तर, "चलने दो मालिक, अभी चल रहा है."

आता तिघांनी तीन गोष्टी सांगितल्यात. लोहामंडीकडचा एक वेल्डर म्हणतो ट्रकच्या जुन्या कमानीचे (स्प्रिंगचे) पट्टे कापून दातांवर चढवतो, स्वस्तात काम. पार्टवाला म्हणतो पूर्ण सेट बदला. आणि एका ठेकेदाराचं म्हणणं की बोल्टवाल्या दातांची भानगडच काढून टाका, लिपवर (बकेटच्या कडेच्या जाड पट्टीवर) अडॅप्टर, म्हणजे दात ज्याच्यावर बसतो तो ठोकळा, वेल्ड करून पिनवाले दात लावा, मग बदलायला पाच मिनिटं. कोणाचं ऐकू?

भंवरकुवा_भिया:

भिया, आधी दात राहू दे, लिप बघ. दातांच्या मागची जी जाड पट्टी असते ती खालून किती घासलीय? बोल्टची भोकं गोल आहेत का लांबट झालीत? बोल्ट घासायला लागला म्हणजे जमीन आता दाताला सोडून बकेटला खातेय. दात काय, आज नाही उद्या बदलशील, पण लिप गेली तर बकेट उतरवून वर्कशॉपला न्यायची, जुनी पट्टी कापायची, नवी चढवायची, आणि तोवर मशीन उभी. ऑपरेटरचं काय जातंय, मशीन तुझी आहे.

आणि कमानीचं तर नावच काढू नकोस.

सांवेर_रोड_हीट_ट्रीटमेंट:

कमानीचं का नको ते जरा डिटेलमध्ये लिहितो, कारण हा प्रश्न दर सीझनला येतो आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच की कमानीचं लोखंड कडक असतं ना, मग काय प्रॉब्लेम.

कडक असतं, बरोबर. पण कमानीच्या स्टीलमध्ये कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वरच असतो. असं स्टील थंडगार ठेवून त्याच्यावर साधा रॉड मारला की वेल्डच्या लगतची कड झटक्यात थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते, आणि त्याच्या थोडं पलीकडचा भाग उलटा नरम पडतो. म्हणजे जिथं जोड आहे तिथंच तो तुटणार. मातीत चालेल थोडे दिवस. मुरमाखालच्या पत्थरावर आपटला की पट्टा सालीसारखा निघतो आणि जाताना दाताचं मूळ मटेरियल पण सोबत घेऊन जातो. शिवाय खालचा मूळ दात क्वेंच-टेंपर केलेला (तापवून झटकन थंड करून परत थोडा तापवलेला) असतो, त्याची हार्डनेस साधारण 45 ते 52 रॉकवेल सी. त्याच्यावर एवढी आच दिली की ती पण उतरते. ना कमानी राहिली ना दात.

वेल्डिंग करायचंच असेल तर हार्डफेसिंग (वरून न झिजणारा कडक थर चढवणं) असतं, पण ते नवीन दातावर करतात, संपलेल्यावर नाही. हा मुद्दा बहुतेक लोक उलटा पकडतात. दात नवा असतानाच, थोडा गरम करून (हाताने धरता येणार नाही इतपत, 150-200 डिग्री धरा) क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने पट्ट्या मारायच्या. एक थर, फार तर दोन. त्याच्यावर चढवत गेलात की तुकडे पडतात. पट्ट्यांवर बारीक आडव्या चिरा दिसतील, त्यांना घाबरू नका, या मटेरियलला तशा चिरा पडतातच. काम झाल्यावर पाणी ओतू नका, राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्या. पाण्याचा मग घेऊन उभा असलेला हेल्पर मी डोळ्यांनी बघितलाय म्हणून सांगतोय.

पट्ट्या कुठल्या दिशेने मारायच्या हे जमिनीवर आहे. दगडात काम असेल तर दाताच्या लांबीने, म्हणजे दगड त्यावरून सरकत जातो. माती-वाळूत असेल तर आडव्या, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये माती भरून बसते आणि मग मातीवर मातीच घासते, स्टील वाचतं. तुमच्यासारखं मिक्स असेल तर तिरपी जाळी.

पण खरं सांगू का, थ्रीडीएक्सच्या बोल्टवाल्या दातांना हे सगळं करत बसण्यात मला तरी राम वाटत नाही. हे मोठ्या पोकलेनच्या महागड्या दातांना परवडतं. तुम्ही सरळ फोर्ज्ड किंवा चांगल्या कास्टिंगचे दात घ्या आणि वेळेवर बदला.

देवास_नाका_35:

सगळे पुस्तकी सांगतायत. माझ्या मशीनला कमानीचे पट्टे लावून पूर्ण उन्हाळा काढलाय, काही तुटलं नाही. नवा सेट घ्यायला काय झाडाला पैसे लागलेत?

सांवेर_रोड_हीट_ट्रीटमेंट:

दादा, तुमचं काम कुठलं होतं ते पण लिहा ना. मोकळ्या भरावात, कंपाउंडमध्ये माती उचलायला कमानीच काय, काहीही चालेल. राऊच्या पुढे पत्थरात चालवून दाखवा मग बोलू.

देवास_नाका_35:

काळी मातीच होती. शेतात.

ग्वाल्हेर_मुरारकर:

इंदूरवाल्यांना त्यांचा पत्थर वाईट वाटतो, आमच्याकडे या एकदा. ग्वाल्हेरचा वाळूचा दगड फोडायला सोपा पण घासायला राक्षस. त्यात सगळा क्वार्ट्झ, कडकपणाच्या मोह्स स्केलवर 7, तुमच्या काळ्या पत्थरातली (बेसॉल्ट) खनिजं 6 च्या आसपास किंवा खाली. त्यामुळे आमच्याकडे दात तुटत नाहीत, झिजतात, अगदी पॉलिश होऊन आरशासारखे. तुमच्याकडे झिजायच्या आधीच टोक तुटतं किंवा दातच निघून पडतो.

म्हणून एकाने सांगितलेला ब्रँड दुसऱ्याच्या जमिनीत चालेलच असं नाही. आम्हाला कडक दात लागतो, तुम्हाला थोडा चिवट. पार्टवाल्याला "सगळ्यात हार्ड दे" म्हणू नका, तो देईल आणि पहिल्याच पत्थरात टोक उडेल. आकाराचं पण तसंच. टायगर म्हणतात तो एका टोकाचा दात कडक मुरमात मस्त घुसतो पण त्याने दगड उचकटायला गेलात की मोडला. तुमच्या मिक्स कामाला साधा चिझल टाइप (छिन्नीसारखा सपाट टोकाचा) दातच बरा.

बडोदेकर_अर्थमूव्हर:

आमच्या इकडे गाळाची जमीन, दात एवढे टिकतात की बोल्ट गंजून आधी मरतात. हलोलची जेसीबीची फॅक्टरी आमच्याच बाजूला, 2022 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले होते आणि मशीनवर चढून फोटो काढले होते ती. त्याचा इथे उपयोग काही नाही, आपलं सांगितलं.

कामाचं एवढंच की कोपऱ्याचे दात नेहमी आधी जातात आणि ते डावे-उजवे वेगळे असतात, घेताना बघून घ्या. दुकानदार दोन्ही एकाच बाजूचे पिशवीत टाकून देतो आणि साइटवर गेल्यावर कळतं. बोल्ट जुने वापरू नका, दाताबरोबर नवे हाय टेन्साइल घ्या, पहिल्या दिवशी काम झाल्यावर परत आवळा कारण दात लिपवर बसतो तसे बोल्ट ढिले पडतात. ढिल्या बोल्टनेच भोकं लांबट होतात, दुसरं काही कारण नसतं. आणि बोल्टचं डोकं वेल्ड करून टाकायची आयडिया कोणी देईलच, ऐकू नका, पुढच्या वेळी गॅस कटर घेऊन बसावं लागेल आणि त्याच आचेने लिप जाईल.

राऊवाला_थ्रीडीएक्स:

धन्यवाद सगळ्यांना. आज बकेट उलटी करून नीट बघितली. लिप मधे ठीक आहे, डाव्या कोपऱ्याला खालून बरीच पातळ झालीय. भोकं डावीकडची दोन्ही लांबट, बाकी गोल. कमानी कॅन्सल. पण पिनवाल्याचं कोणीच बोललं नाही, ते करू का?

भंवरकुवा_भिया:

पिनवाले चांगले, पण अडॅप्टर वेल्ड करणारा माणूस चांगला पाहिजे, सगळा खेळ तिथे आहे. सगळे अडॅप्टर एका लाइनीत, एकाच अँगलला बसले पाहिजेत, नाहीतर एक दात पुढे आला की सगळा मार तोच खातो. रॉड लो हायड्रोजन 7018, तो पण भट्टीत वाळवलेला, उघड्या पाकिटातला पावसाळी ओला रॉड मारला तर लिपला क्रॅक जाणारच. वेल्ड लिपच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत आणायची नाही, थोडी जागा सोडायची.

नंतर पण लक्ष ठेवावं लागतं. दात अर्धा झाला किंवा टोकाकडची भिंत पातळ दिसली की बदलायचा, भोक पडेपर्यंत थांबलास की आतलं अडॅप्टरचं नाक घासतं आणि मग नवा दात कधीच घट्ट बसत नाही. नवा दात पिन न टाकता चढवून हाताने हलवून बघ, जास्त लटपटला तर नाक गेलंय समज. पिनवाले बरेच दात वर-खाली सारखे असतात, ते मधेच उलटे करून लावले की दोन्ही बाजूंनी सारखे झिजतात. पिनवाल्यात कोपऱ्याचे आणि मधले पण आपसात बदलायचे.

तुझ्या केसमध्ये मी म्हणेन आत्ता बोल्टवालेच लाव. डावीकडची भोकं 7018 ने भरून परत ड्रिल करून घे, कोपऱ्याला खालून एक वेअर प्लेट (लिपऐवजी झिजणारी जादा पट्टी) मार. लिप पूर्ण बदलायची वेळ आली की त्याच वेळी अडॅप्टर. दोनदा कापाकापी कशाला.

आणि हो, जिथे पत्थर लागला तिथे बकेटने झुंजत बसू नका, ब्रेकरवाली मशीन बोलवा तासाभरासाठी. ऑपरेटरला सांग, बकेट आपटून दगड फोडायचा नाही आणि बूम फिरवून बकेटच्या बाजूने माती लोटायची नाही. नाली बुजवताना सगळे हेच करतात, साइड कटर (बकेटच्या बाजूची पाती) आणि कोपऱ्याचे दात त्यातच जातात.

राऊवाला_थ्रीडीएक्स:

बूम फिरवून लोटायचं काम आमच्याकडे रोजचं आहे 😄 बोलतो त्याच्याशी. प्लेट मारायला वेल्डर साइटवर येतो म्हणतोय, बकेट न उतरवता. चालेल ना? मशीन 2022 ची आहे.

सांवेर_रोड_हीट_ट्रीटमेंट:

चालेल, पण 2022 ची म्हणजे 2021 पासूनच्या एमिशन नॉर्मवाली (धुराच्या नियमांची), इंजिनला ईसीएम (कंट्रोल करणारा कंप्युटर) आहे. बॅटरीची वायर काढा, मेन स्विच बंद करून भागवू नका. अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, वेल्डच्या जवळ, रंग घासून लावा. वेल्डर आळस करून चेसिसला किंवा जॅकला लावतो, मग करंट बकेटच्या पिना-बुशमधून जातो आणि तिथे स्पार्क होऊन खड्डे पडतात, ते नंतर ग्रीसने भरून येत नाहीत. बकेट जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात.

जुने दात काढताना घण मारणार असाल तर गॉगल घाला, हेल्परला पण द्या. कडक स्टीलवर घण बसला की कपची उडते, ती डोळ्यात गेली तर दाताचा भाव विचारत बसायला नको. आणि कोपऱ्याची प्लेट मारताना आधी डावी-उजवी जाडी मोजून घ्या, वेल्डर एकाच बाजूला जाड प्लेट मारून मोकळा होतो आणि मग नाली एका अंगाने खोल जाते.