मदत हवी आहे : काळ्या मातीत शोषखड्डे तुंबले, आता काय करावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव साधारण 1400 वस्तीचं, जमीन सगळी काळी, चिकट. नांदेडचे जादूई शोषखड्डे (घरचं सांडपाणी जमिनीत जिरवणारे) बघून आम्हीही घरोघरी चार बाय चार फुटांचे खड्डे घेतले, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी निम्मे खड्डे भरून वाहू लागले. काही घरांनी खरकट्याची जाळी काढूनच टाकली होती, तो भाग वेगळा. पण मूळ दोष मातीचाच वाटतो. काळी माती फुगली की पाणी जिरणार कुठे?

आता नळ घरोघरी आलेत. माणशी 55 लिटर धरलं आणि त्यातलं 80 टक्के मोरीतून बाहेर पडलं, तर रोजचं साठ हजार लिटर. ते सगळं गटारातून ओढ्यात, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला पिण्याची विहीर!

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये, म्हणजे आम्हाला चार लाखांच्या आतच. ग्रामसेवक स्थिरीकरण तळं (सांडपाणी उघड्या तळ्यात साठवून आपोआप शुद्ध होऊ द्यायचं) म्हणतात, पण गावठाणात जागा दहा गुंठे. माझ्या मनात गाळ बसायची टाकी आणि पुढे खडीत कर्दळ, पाणकणीस लावलेला वाफा आहे, म्हणजे पाणी त्यातून गाळून निघेल.

कुणी चालवून बघितलंय का? खडी किती वर्षांनी तुंबते? डासांचं काय करता? आणि मुख्य म्हणजे गाळ उपसायला माणूस कोण येतो, पैसे कुठून देता?