२०१९ ची सी ४३ कूपे, ३१ हजार किमी, ४६ लाख सांगतायत. घ्यावी का?

सायझिंगवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीचा विचार डोक्यात आहे. घरात बोलून झालं, मित्रांशी बोलून झालं, आता इथं विचारतोय.

अंधेरीत एक मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, विकायला आहे. जून २०१९ ची नोंदणी, एकच मालक, ३१ हजार किलोमीटर, गडद करडा रंग. मालक स्वतःच विकतोय, मध्ये कुणी नाही. ४६ लाख सांगतायत. मार्च २०१९ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ७५ लाख होती. महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि विमा धरला तर पहिल्या मालकाचे नव्वदीच्या घरात गेले असणार.

गाडीची माहिती मला तोंडपाठ झाली आहे. तीन लिटरचा व्ही-सिक्स, दोन टर्बो, ३९० अश्वशक्ती, ५२० न्यूटन मीटर, नऊ गिअर, चारही चाकांना ताकद पण जास्त वाटा मागच्या चाकांना. शून्य ते शंभर ४.७ सेकंद. पण मला ती सेकंदांसाठी नको आहे. मी नववीत असताना वडिलांच्या सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या) ऑफिसात एका स्टार्चवाल्या व्यापाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर होतं. ऑक्टोबरच्या पानावर दोन दारांची मर्सिडीज होती. वर्ष संपल्यावर वडिलांनी ते पान कापून मला दिलं. अजून माझ्या कपाटात आहे. त्या गाडीचं छत मागं जसं उतरत जातं तसंच हिचं उतरतं. अंधेरीच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आधी दहा मिनिटं नुसता तिच्याभोवती फिरत होतो.

मालकानं गाडी काढून, फिरवून तयारच ठेवली होती. सकाळी सातला द्रुतगती मार्गावर बोरिवलीपर्यंत नेली. आवाज, स्टिअरिंग, ब्रेक, सगळं मला तरी चोख वाटलं. पण मला बॉयलर कळतो, असली गाडी कळत नाही.

आता माझी बाजू. वय ४६. स्वतःचं सायझिंग आहे. घरी इनोव्हा क्रिस्टा आहे, ती विकणार नाही. ५० लाख बाजूला आहेत, त्यात कामगारांचा, बँकेचा किंवा मुलीच्या शिक्षणाचा रुपया नाही. कर्ज काढणार नाही. यंत्रमागाचे दिवस कसे आहेत ते तुम्ही वाचताच, उधारी तीन-तीन महिने सुटत नाही, म्हणून हे ५० गेले की लगेच दुसरे उभे राहणार नाहीत.

काळजी तीन. मोठं काम निघालं तर पुणं गाठावं लागणार, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. दुसरी, आमच्याकडं पंचगंगेचं पाणी. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. तिसरी, आई ७४ वर्षांची आहे, तिला दोन दारांच्या गाडीत कसं बसवणार?

एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा थोडे घाल आणि फोक्सवॅगनची नवी गोल्फ जीटीआय बघ, वॉरंटी तरी मिळेल. ती मे २०२५ मध्ये ५३ लाखांना आली. चांगलीच असणार. पण मला कूपेच हवी आहे. घ्यायची तर हीच, नाहीतर क्रिस्टा पुरे आहे. मनापासून सल्ला द्या.

पंचनामा (पुणे)

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. बावीस वर्षं अपघाताच्या आणि पाण्याच्या गाड्या बघतोय. तुम्ही सगळं लिहिलंत, पण विम्याचा कागद पाहिल्याचं कुठंच लिहिलं नाही. गाडी बघण्याआधी तो बघा.

चालू पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते वाचा. क्लेम नसेल तर हा बोनस दर वर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० असा चढतो. एकाच मालकाकडं सहा वर्षं असलेल्या गाडीला एकदाही क्लेम नसेल तर आज ५० दिसायला पाहिजे. शून्य किंवा २० दिसलं तर अलीकडेच काहीतरी झालेलं आहे. काही लोक बोनस वाचवणारं ज्यादा कव्हर घेतात, तेव्हा क्लेम होऊनही टक्का उतरत नाही. म्हणून अ‍ॅड-ऑनची यादीही वाचा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसीही मागा. मालक चांगला माणूस असला तरी मागा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर तो येणार नाही.

आता तुमचा खर्च. गाडी पाच वर्षांवरची आहे. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी धातूच्या सुट्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. या गाडीचा पुढचा सगळा चेहरा प्लास्टिकचा आहे आणि कूपे पूर्ण बाहेरून बनून आलेली आहे. म्हणजे दोन लाखांचा बंपर गेला तर एक लाख तुमचे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, या वयाच्या गाडीला कोण देतंय, काय दरानं देतंय, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि मालकी बदलली की १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला टाका. इथं लोक हमखास चुकतात आणि पुढं क्लेम अडतो.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीत होतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात आणि सांगाडा लिलावात जातो. त्यातल्या काही पुन्हा उभ्या राहून रस्त्यावर येतात, बहुतेक दुसऱ्या गावात. म्हणून चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या टोकाला पाण्याची रेघ राहते, ती सहसा कुणी धूत नाही. सीट खालून जिथं बोल्टनं बसवलेली असते तिथं गंज बघा. डिकीतला गालिचा उचला, हात फिरवा.

तुमच्याकडं आल्यावरचं सांगतो. इंजिन प्रोटेक्ट हे इंजिनचं ज्यादा कव्हर घ्याच. साध्या पॉलिसीत पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिन गेलं तर ते आम्ही धरत नाही. पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका, टो करून आणा.

दातांची डॉक्टर (सातारा)

दादा, मी अशीच दोन दारांची जर्मन गाडी, जुनीच, तीन वर्षं वापरली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

आधी वाईट सांगते. पावसाळ्यात खड्ड्यात एक अलॉय चाक वाकलं, टायरही फाटला. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे होते, तुमच्याही गाडीला तसेच असतात, त्यामुळे पुढचं-मागचं अदलाबदल करून चालवता येत नाही. एकदा डाव्या दाराची काच फुटली. काच परदेशातून यायला सात आठवडे लागले. सात आठवडे गाडी ताडपत्रीखाली. मी रोज दवाखान्यातून येऊन तिच्याकडं बघायची. पैसे होते, पण पैशानं काच लवकर येत नव्हती. तुम्ही धंद्यातले आहात. एखादं यंत्र दोन महिने उभं राहिलं तर सहन करायची तयारी असते ना, तशी या गाडीबद्दल आहे का, एवढं स्वतःला विचारा.

आता चांगलं. रविवारी पहाटे साडेपाचला मी एकटी निघायची. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं. त्या वेळी रस्त्यावर दूधवाला आणि मी. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना गाडी जशी जमिनीला धरून राहायची, ते मला अजून तळहातांना आठवतं. आठवड्यातून एक तास. त्या एका तासासाठी मी ती घेतली होती आणि तो मला मिळाला. विकली ती सासऱ्यांच्या आजारपणात, वेळ उरला नाही म्हणून. पश्चात्ताप ना घेतल्याचा, ना विकल्याचा.

आईंचं मात्र स्पष्ट सांगते. मागच्या सीटवर त्यांना बसवायचा विचारही करू नका. पुढं बसतील, पण सीट इतकी खाली असते की गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं, उठणं अवघड. शिवाय कूपेचं दार लांब असतं. शेजारी गाडी लावलेली असेल तर ते पूर्ण उघडतच नाही आणि म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या दारातून निघता येत नाही. आईंसाठी क्रिस्टा ठेवताय ते योग्यच.

आणि टोकन देण्याआधी घरासमोरचा आणि सायझिंगच्या गेटवरचा उतार मोजा. माझी पहिली घासाघीस घरच्याच फाटकात झाली.

चौदाचा पाना (उद्यमनगर, कोल्हापूर)

साहेब, तुम्ही लिहिलंय की मालकानं गाडी फिरवून तयार ठेवली होती. म्हणजे इंजिन गरम होतं. गरम गाडी बघून निर्णय करू नका. रात्रीच सांगून ठेवा, सकाळी मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, थंडगार लागला पाहिजे. मग स्टार्ट करा आणि पहिले दहा सेकंद गप्प उभं राहून ऐका. टायमिंग चेनचा खडखडाट असेल तर तेव्हाच येतो, नंतर तेल पोचलं की विरतो. मागं एक माणूस धुराकडं बघायला ठेवा.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावणारा आपला माणूस न्या, त्यांचा नाही. मीटर मागं फिरवला तरी बाकीच्या कंट्रोल युनिटमध्ये किलोमीटर राहिलेले असतात, ते जुळवून बघायचे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर नक्षी कितीही दिसू दे, चारही बदलायचे. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

पेट्रोलचं पण बघा. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, येतंय. पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अशी गाडी महिनोनमहिने उभी ठेवू नका. पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं मिळतं, महाग आहे.

शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा ठेवूनच असली गाडी घ्यावी. ४६ ला घेतलीत तर तुमच्याकडं ४ उरतात. त्यात होत नाही. गाडी वाईट नाही, पण तुमचे पैसे या भावाला कमी पडतात.

सायझिंगवाला (इचलकरंजी)

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा जाऊन आलो. उद्यमनगरच्या साहेबांनी पुण्याच्या एका स्कॅनरवाल्याचं नाव कळवलं होतं, त्यांना बरोबर घेतलं.

बॉनेट थंड होतं. स्टार्ट स्वच्छ, चेनचा आवाज नाही, धूर नाही. सगळ्या युनिटमध्ये किलोमीटर जुळले. सीटबेल्ट कोरे, सीटखाली गंज नाही. टायर चारही २०१९ चे निघाले.

पण पॉलिसीवर बोनस २० टक्के आहे. विचारल्यावर मालक आधी म्हणाले, पार्किंगमध्ये घासली होती. मी जुन्या पॉलिसी मागितल्या. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आतून फाइलच घेऊन आले. २०२४ च्या सुरुवातीला पुढचा डावा कोपरा दुभाजकाला लागला होता. बंपर, हेडलॅम्प, फेंडर, सस्पेन्शनचा खालचा एक आर्म. काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालंय, बिलं सगळी आहेत. म्हणाले, सांगितलं तर कुणी बघायलाच येत नाही. मला वाईट वाटलं, कारण बाकी गाडी त्यांनी लेकरासारखी जपलीय.

मी ३८ सांगून परत आलो. पाचव्या हिश्शाचा हिशोब डोळ्यासमोर होता, त्यामुळे वर चढलो नाही. गेटवरच्या उताराला फळी लावून मोजलं, तो घासणार. गवंड्याला सांगितलंय, कसंही झालं तरी तो करून घेणार आहे, क्रिस्टालाही बरा. आईला डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला कुठं न्यायचंय त्यात, मी ओट्यावरनं बघते.

आज सकाळी त्यांचा फोन आला, ४० ला तयार आहेत. म्हणजे १० उरतात. टायर त्यातून घातले तरी पाचव्या हिश्शाला धक्का लागत नाही. शनिवारी टोकन द्यायला निघतोय. सर्व्हेअर साहेब, अजून काही बघायचं राहिलंय का?

पंचनामा (पुणे)

राहिलंय. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं फोटो काढलेले असतात, दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपकडंही असतात. मालकाला ते मागायला सांगा. बंपर काढल्यानंतरचे हवेत, आधीचे नकोत. फेंडरच्या आत जो लांब चौकोनी दांडा मागं चॅसिसपर्यंत जातो, त्याच्यावर वेल्डिंग किंवा चुण्या आहेत का ते मला बघायचंय. दांडा सरळ असेल तर ४० ला गाडी बरी आहे. वाकून सरळ केलेला असेल तर ३५ लाही नको.

फोटो मला दाखवा, मग टोकन द्या.