मोर्चा हिंसक झाल्यावर उसळणाऱ्या प्रतिक्रियांवरून नेमकं काय ठरवता येतं?

पाऊलवाट

शहरातल्या मोर्चाला हिंसक वळण लागलं की तासाभरात दोन तट पडतात. "मोर्चा निमित्त होता, यांना जाळपोळच करायची होती," असं एक तट म्हणतो. "आधी लाठीमार झाला, दगड नंतर आले," असं दुसरा. दोघांकडे व्हिडिओ असतात आणि दोघेही ठाम असतात. शांतपणे घोषणा देऊन घरी गेलेल्या हजारो माणसांना दंगलखोर म्हणणं मला पटत नाही, आणि ज्याचं दुकान फुटलं त्याच्या संतापाला दुय्यम ठरवणंही पटत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे : "सुरुवात कोणी केली" हे क्लिपवरून ठरवता येतं का, आणि येत असेल तर कसं? खाली पडणाऱ्या हजारो कमेंटना शहराचं मत मानायचं का? आणि हिंसा झाली की लोक मागणीच्याच विरोधात जातात असं सर्रास म्हटलं जातं, त्याला काही आधार आहे का? कोणाची बाजू बरोबर यापेक्षा हे तपासायचं कसं, यावर लिहाल तर बरं.

संकलक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. क्लिप खरी की खोटी हे बघण्याआधी ती कुठे सुरू होते आणि कुठे तुटते ते पाहा. पूर्ण बनावट व्हिडिओपेक्षा खरा पण अर्धा व्हिडिओ, किंवा दुसऱ्याच शहरातला, जुन्या वर्षातला खरा व्हिडिओ जास्त गोंधळ घालतो. दगड उचललेल्या हातापासून सुरू होणारी वीस सेकंदं आणि उगारलेल्या लाठीपासून सुरू होणारी वीस सेकंदं एकाच मिनिटातली असू शकतात.

क्रम उलटला की अर्थ उलटतो. १८ जून १९८४ ला इंग्लंडमध्ये ऑरग्रीव्ह इथे संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. बीबीसीच्या संध्याकाळच्या बातम्यांत आधी दगडफेक आणि मग घोडेस्वार पोलिसांची चाल असं दिसलं. प्रत्यक्षात उलट घडलं, असं कामगार सांगत राहिले. दृश्यांचा क्रम बदलला गेल्याचं बीबीसीने १९९१ मध्ये मान्य केलं; घाईत संकलन करताना नकळत झालं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ९५ जणांवरचे खटले १९८५ मध्येच कोसळले होते. पण ज्यांनी त्या रात्री बातम्या पाहिल्या त्यांचं मत त्या रात्रीच बनलं.

हातात आलेल्या क्लिपवर काम करताना आधी तिची सगळ्यात जुनी प्रत शोधा. तीन-चार ठळक फ्रेमचे स्क्रीनशॉट काढून गूगल, यांडेक्स आणि टिनआय अशा तिन्हींवर चित्र टाकून शोध घ्या. प्रत्येकाचे निकाल वेगळे येतात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवला की स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे जाता येतं. मग जागा पक्की करा : दुकानांच्या पाट्या, विजेच्या खांबांचे क्रमांक, दुभाजकाचे रंगपट्टे, छतावरच्या टाक्या. शेवटी वेळ. उभ्या खांबाची सावली पकडून सनकॅल्कसारख्या साइटवर ती जागा आणि तारीख टाकली की सावलीच्या दिशेवरून वेळेचा अंदाज येतो. सकाळी आणि दुपार कलल्यावर हे छान जमतं. सूर्य डोक्यावर असताना सावली आखूड, त्यामुळे चूक मोठी होते. ढगाळ दिवशी काहीच हाती लागत नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेल्या प्रतीत वेळ-जागेची मूळ नोंद उरत नाही, चित्रही दाबलं जातं. चित्रीकरण करणाऱ्यापर्यंत पोचता आलं तर तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. दुहेरी बाणाची 'अनेकदा फॉरवर्ड' अशी खूण दिसली तर ती क्लिप किमान पाच टप्पे पार करून आलेली असते, म्हणजे पाठवणाऱ्याला मूळ संदर्भ माहीत असण्याची शक्यता फारच कमी.

आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे आवाज. चार फोनमधल्या क्लिप एकाच कालरेषेवर बसवायच्या तर चारही ठिकाणी ऐकू आलेला एक ठसठशीत आवाज निवडा, उदाहरणार्थ अश्रुधुराच्या नळकांडीचा बार. मात्र आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. शंभर मीटर लांबच्या फोनमध्ये तोच बार ०.३ सेकंद उशिरा उमटतो, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत नऊ फ्रेम मागे. हा फरक वजा केला नाही तर दगड आधी की बार आधी, याचं उत्तर चुकू शकतं.

मृण्मयी

संकलक यांच्याशी सहमत, पण "सुरुवात कोणी केली" एवढंच विचारलं तर उत्तर अर्धंच मिळतं. पहिला दगड भिरकावणारे पाच-दहा असतात. कळीचा प्रश्न हा की आजूबाजूचे शेकडो लोक त्यांना अडवत का नाहीत आणि कधी कधी त्यांच्या बाजूला का सरकतात.

गर्दीत शिरला की माणसाचं भान सुटतं आणि तो वाटेल ते करतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच लेखक ल बाँने लोकप्रिय केली आणि आजही निम्म्या प्रतिक्रिया तिच्यावरच चालतात. प्रत्यक्ष दंगलींचा अभ्यास वेगळं सांगतो. ब्रिस्टलमधल्या सेंट पॉल्स भागात १९८० मध्ये पोलीस छाप्यानंतर दंगल उसळली. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञाने तिची बारकाईने छाननी केली. जमावाचा रोख पोलिसांवर आणि ठरावीक इमारतींवर होता, वस्तीची हद्द ओलांडून पोलिसांचा पाठलाग झाला नाही, वाहतूकही जाऊ दिली जात होती. भान हरपलेला जमाव असं वागत नाही.

याच धाग्यावर रायकर, क्लिफर्ड स्टॉट आणि जॉन ड्र्युरी यांनी पुढे काम केलं. लंडनमध्ये ३१ मार्च १९९० ला पोल टॅक्स या माणशी आकारल्या जाणाऱ्या कराविरोधात निघालेला मोर्चा पेटला, त्याचाही त्यात समावेश आहे. पुन्हा पुन्हा दिसलेली साखळी अशी : मोर्चात मुळात अनेक गट असतात, बहुतेकांना कायद्याच्या चौकटीत राहायचं असतं. काही जण आगळीक करतात. पोलीस फरक न करता सगळ्यांवर चालून जातात. मुलांना घेऊन आलेल्यालाही लाठी बसते, तेव्हा त्याला समोरची कारवाई अन्याय्य वाटू लागते आणि काल ज्याला तो हुल्लडबाज म्हणत होता तो आता 'आपला' होतो. गट एकवटतो, पोलिसांची भीती खरी ठरते, पुढची चाल आणखी जोरात होते.

म्हणून घटनेची माहिती गोळा करताना पहिल्या दगडाच्या आधीची वीस मिनिटं पाहा. पांगण्याची सूचना दिली का, ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली का? सूचना आणि कारवाई यांत किती वेळ गेला? बाहेर पडायला किती रस्ते उघडे होते? दोन्ही टोकं बंद करून "पांगा" म्हटलं तर पांगायचं कुठे? मार्ग ऐन वेळी बदलला होता का? आयोजकांचे स्वयंसेवक किती होते, त्यांना ओळखता येत होतं का, आणि त्यांच्याशी थेट बोलणारा अधिकारी जागेवर होता का?

हे सगळं जुळवून आणलं तर फरक पडतो. पोर्तुगालमध्ये २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत मोठ्या शहरांतल्या पोलिसांनी पायरीपायरीने बंदोबस्त वाढवण्याची पद्धत वापरली. आधी साध्या गणवेशातले, बोलणारे पोलीस. दंगलविरोधी पथक नजरेआड. तिथे इंग्लंडच्या चाहत्यांचा मोठा उपद्रव झाला नाही. वेगळ्या पोलीस दलाच्या ताब्यात असलेल्या अल्बुफेइरा या पोर्तुगालमधल्याच गावात मात्र दंगा झाला. स्वीडनने गोथेनबर्गच्या २००१ च्या दंगलीनंतर केवळ संवादासाठी वेगळे पोलीस नेमले.

पाऊलवाट

मृण्मयी, फार उपयोगी. पण एक शंका राहते. अशी कारणमीमांसा दिली की जाळपोळ करणाऱ्याला सूट दिल्यासारखं वाटतं, आणि ज्याची गाडी जळाली तो हेच म्हणून चिडतो.

मृण्मयी

त्याचं चिडणं रास्त आहे. गाडी पेटवणाऱ्यावर त्या कृत्याचा गुन्हा लागलाच पाहिजे, वेळ-जागेच्या पुराव्यानिशी. कारणमीमांसेने तो निर्दोष ठरत नाही. पण त्याच्या कृत्याची जबाबदारी शेजारून चालणाऱ्यावर टाकता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये शांततापूर्ण सभेच्या हक्काबद्दल जी टिप्पणी काढली (क्रमांक ३७), तिच्यात हेच आहे : काहींची तुरळक हिंसा इतर सहभागींच्या, आयोजकांच्या किंवा अख्ख्या सभेच्या माथी मारू नये. त्याच टिप्पणीत अश्रुधुरासारखी सरसकट सगळ्यांना लागणारी साधनं शेवटचा उपाय म्हणून, तोंडी इशारा दिल्यावर आणि लोकांना पांगायला पुरेसा वेळ देऊनच वापरावीत असंही म्हटलं आहे. प्रतिक्रिया वाचताना "आंदोलक" आणि "ज्यांनी पेटवलं ते" हे दोन शब्दप्रयोग कोण वेगळे ठेवतो आणि कोण मिसळतो, एवढं पाहिलं तरी लिहिणाऱ्याची काळजी कळते.

आकडेमोड

आकड्यांबद्दल. गर्दी मोजण्याची जुनी पद्धत बर्कलीत पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांची, १९६० च्या दशकातली : क्षेत्रफळ गुणिले दाटी. विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, अगदी चेंगराचेंगरीच्या बेतातल्या गर्दीत अडीच. मीटरमध्ये ढोबळपणे चौरस मीटरला १, अडीच आणि ४ माणसं.

समजा रस्ता ४०० मीटर लांब, १५ मीटर रुंद. ६,००० चौरस मीटर. दुभाजक, उभ्या गाड्या, मोकळे पट्टे म्हणून २० टक्के वजा करा, उरले ४,८००. सरासरी दोन माणसं धरली तर ९,६००. तिथे कोणी ५० हजार म्हणत असेल तर चौरस मीटरला दहाच्या वर माणसं लागतील, आणि पाच-सहाच्या पुढेच श्वास कोंडायला लागतो. नेहमीची चूक म्हणजे समोरून, खालून काढलेला फोटो : पुढची दाटी मागेही तशीच आहे असं वाटतं. चालत्या मोर्चाला ही रीत लागू पडत नाही. तिथे एक रेषा ठरवून दर दहा मिनिटांतलं एक मिनिट मोजा आणि गुणा. मधे सामील होणारे सुटतात म्हणून अशा दोन जागा ठेवा.

नुकसानीचे पहिले आकडे तर जपूनच. अमेरिकेत १९६७ च्या डेट्रॉइट दंगलीनंतर सुरुवातीला २० ते ५० कोटी डॉलरचं नुकसान छापून आलं होतं. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल १९६८ मध्ये आला, तोवरचा सर्वांत मोठा अंदाज साडेचार कोटींचा होता. पहिला आकडा ऐकून बनलेलं मत दुसरा आकडा आल्यावर सहसा कोणी बदलत नाही.

कमेंटचं म्हणाल तर त्या शहराचं मत नाहीत. लिहिणारे स्वतःहून आलेले असतात आणि रागावलेला माणूस आधी लिहितो. तरी त्यांचा अभ्यास करायचाच असेल तर कमेंट मोजू नका, खाती मोजा. काही खाती चाळीस-चाळीस वेळा लिहितात. शब्दशः सारखे मजकूर एकच धरा. वेळेचे तीन टप्पे पाडा : पहिले सहा तास, सहा ते अठ्ठेचाळीस, आणि नंतरचे. 'लोकप्रिय' क्रम बंद करून प्रत्येक टप्प्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ३०० निवडा. मागणीला पाठिंबा, हिंसेचा निषेध, पोलिसांवर टीका, पोलिसांना पाठिंबा हे चार वेगवेगळे रकाने ठेवा, कारण एकच माणूस तीन रकान्यांत असू शकतो. "बाजूने" आणि "विरोधात" अशा दोनच खणांत कोंबलं की सगळ्यात विचारी प्रतिक्रिया हरवतात. दोघांनी स्वतंत्रपणे वर्गीकरण करा आणि जिथे जुळत नाही तिथे व्याख्या सुधारा. ३०० च्या नमुन्यात अधिक-उणे साडेपाच-सहा टक्के चूक धरावी लागते, तीही त्या टप्प्यातल्या कमेंटपुरती.

नीलांबरी

तिसऱ्या प्रश्नाला आधार आहे, पण तो सर्रास सांगतात तितका सरळ नाही. ओमर वासो यांनी अमेरिकेतल्या १९६० ते १९७२ मधल्या कृष्णवर्णीयांच्या आंदोलनांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. अहिंसक आंदोलनांच्या जवळच्या काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) डेमोक्रॅटिक पक्षाचा मतांमधला वाटा १.६ ते २.५ टक्क्यांनी वाढला. विशेषतः शांत आंदोलकांवर हल्ला झाला तेव्हा बातम्यांचा भर नागरी हक्कांवर राहिला. आंदोलकांनी हिंसा सुरू केली तिथे चर्चा कायदा-सुव्यवस्थेकडे वळली, आणि १९६८ च्या निवडणुकीत गोऱ्या मतदारांचा १.५ ते ७.९ टक्के कल रिपब्लिकन पक्षाकडे सरकला असा त्यांचा अंदाज आहे. कार्यकारण पकडण्यासाठी त्यांनी पावसाचा आधार घेतला : पाऊस पडला की लोक रस्त्यावर कमी येतात, पण पावसाचा राजकीय मताशी थेट संबंध नसतो.

याच्या उलट, लॉस एंजेलिसच्या १९९२ च्या दंगलीवर एनॉस, कॉफमन आणि सँड्स यांचा २०१९ चा अभ्यास आहे. तिथे स्थानिक मतदारांचा शाळांवरच्या सरकारी खर्चाला असलेला पाठिंबा दंगलीनंतर वाढलेला दिसला, गोऱ्यांचाही आणि कृष्णवर्णीयांचाही. जवळून पाहणारे आणि टीव्हीवरून पाहणारे एकच प्रतिक्रिया देतात असं गृहीत धरता येत नाही. म्हणून कोणी "हिंसेमुळे मागणीचं नुकसानच होतं" किंवा "हिंसेशिवाय कोणी ऐकत नाही" म्हटलं, तर तीन गोष्टी विचारा : कोणाचं मत, किती अंतरावरून, आणि घटनेनंतर किती दिवसांनी मोजलेलं?

पाहणी असेल तर प्रश्नाची शब्दरचना मिळवा. "दंगल", "उद्रेक" आणि "आंदोलन" या शब्दांना उत्तरं वेगळी येतात. हिंसेबद्दल आणि मागणीबद्दल एकच प्रश्न विचारला असेल तर तो निकाल बाजूला ठेवा.

संकलक

एक राहिलं. तपासून झाल्यावरही क्लिप पुढे पाठवण्याआधी थांबा. मूळ फाइल तशीच ठेवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलणारा, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा कोड) काढून तारखेसह लिहून ठेवा. पुढे कोणी छेडछाडीचा आरोप केला तर हाच आधार. पसरवायची प्रत वेगळी करा. तिच्यात जखमींचे, लहान मुलांचे आणि नुसते उभे असलेल्यांचे चेहरे ठोस रंगाच्या चौकटीने झाका. हलकं धूसर केलेलं पुरेसं नसतं, कारण तसा चेहरा ओळखता येऊ शकतो. आणि चौकट प्रत्येक फ्रेममध्ये आहे ना ते बघा, नाहीतर एखाद्या फ्रेममध्ये तोच चेहरा स्वच्छ दिसतो. शर्टावरचा मजकूर, गोंदण, गाडीचा नंबर हेही बघा. गर्दीतल्या अनोळखी माणसाला "हाच तो" म्हणून गोल काढून पाठवणं तर अजिबात नको : चुकीचा माणूस निघाला तर खुलासा त्या गोलाइतका कधीच पसरत नाही. ओळख पटवणारं काही असेल तर ते झाकलेलं न ठेवता, मूळ फाइलसह, तपास यंत्रणेकडे किंवा वकिलाकडे द्या आणि दिल्याची लेखी पोच घ्या.