वाइडबँड ओटू सेन्सरला १२ व्होल्ट कुठून उचलावा? (जिप्सी एमपीएफआय, बेळगाव)

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल टाकणारी), केए-२२. सुट्टीला जांबोटी-कणकुंबीकडं, बाकी आठवडाभर टिळकवाडी ते उद्यमबाग. इंजिनाचं काम केल्यापासून पेट्रोल लई पितीय. मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) नेमकं काय चाललंय ते बघावं म्हणून बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा), त्याचा कंट्रोलर आणि मीटर घेतला. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाला नट वेल्ड करून झालाय, गाडीचा जुना ओटू सेन्सर आहे तिथंच ठेवलाय.

पहिलं वायरिंग एका गॅरेजात करून घेतलं. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही. त्यानं सिगारेट लायटरच्या मागून १२ व्होल्ट घेतला आणि अर्थ डॅशबोर्डाखालच्या कुठल्याशा स्क्रूला मारला. सेल्फ मारला की मीटर विझून परत पेटायचा. हेडलाइट लावली की आकडा सरकायचा. वैतागून मी फ्यूजच काढून ठेवला. सेन्सर पाइपातच राहिला, गाडी रोज चालू. दोन महिन्यांनी फ्यूज घातला तर कंट्रोलर सेन्सरच्या आतल्या हीटरचा एरर दाखवतोय. सेन्सर काढून बघितला तर टोकाची भोकं काजळीनं बुजलेली.

आता नवा मागवलाय. जुन्या सेन्सरच्या हीटरची १२ व्होल्टची वायर तिथंच आहे, तिलाच जोड मारला तर चालेल का? आणि फ्यूज किती अँपिअरचा?

उद्यमबाग_फिटर

पहिला सेन्सर तुझ्या फ्यूज काढण्यानंच गेला. हा सेन्सर पाइपात असेल आणि इंजिन चालू असेल तर त्याचा हीटर चालूच पाहिजे. आतलं सिरॅमिक साधारण ७८० डिग्रीवर काम करतं, त्या गरमीत काजळी जळून जाते. थंड टोकावर ती बसत जाते. मीटर बघायचा नसेल तर सेन्सर काढ आणि नटात बूच मार. अठरा मिलिमीटर, दीड पिचचा बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जुन्या सेन्सरची वायर नको. बऱ्याच गाड्यांत त्या हीटरचा प्लस मेन रिलेकडून (रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) येतो, आणि त्याच फ्यूजवर आणखी काय काय असतं ते वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुझा जोड कुठं सायलेन्सरला चिकटून शॉर्ट झाला आणि तो फ्यूज उडाला, तर कणकुंबीच्या पावसात गाडी जागेवर उभी. मीटरसाठी इंजिन बंद पाडायचं का? शिवाय त्या हीटरचा मायनस बहुतेक ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतः चालू-बंद करतो, त्याला तर हातच लावू नको.

निपाणीकर

माझा तर सरळ इग्निशनच्या वायरीवर आहे. दोन वर्षं झाली, काही झालं नाही. उगाच कशाला एवढा खटाटोप?

उद्यमबाग_फिटर

निपाणीकर, तुमचं चाललंय कारण तुम्ही चावी फिरवून लगेच गाडी चालू करत असणार. आमच्याकडं पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या सायलेन्सरात पाणी साठतं. चावी ऑन ठेवून माणूस गाणी लावून बसला की हीटर तापतो. मग गाडी चालू केली की पाण्याचा थेंब उडून त्या तापलेल्या सिरॅमिकवर बसतो आणि ते तडकतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखं. तवा सोसतो, हा सोसत नाही.

म्हणून हीटरला करंट इंजिन चालू झाल्यावर मिळावा, चावी फिरवल्यावर नव्हे. एमपीएफआय गाडीत यासाठी सोपी जागा आहे, फ्युएल पंपाची प्लस वायर. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, आणि इंजिन फिरायला लागलं की परत सुरू होतो. त्या वायरीनं फक्त रिलेची कॉइल ओढायची. हीटरचा भार पंपाच्या वायरीवर टाकायचा नाही.

जांबोटीकर, असं कर. चार पिनांचा साधा रिले घे. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसकडून सरळ वायर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ वरून कंट्रोलर. ८६ ला पंपाची प्लस, ८५ ला अर्थ. फ्यूज कंट्रोलरच्या कागदावर लिहिलाय तोच. बहुतेकांना ५ अँपिअर पुरतो, कारण गार हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर ओढतो आणि तापल्यावर कमी होतो. फ्यूज उडाला म्हणून १५ चा घालणारे पण बघितलेत मी. वायर १ स्क्वेअर मिलिमीटरची, गाडीची घे, घरच्या फिटिंगची नको. तेलानं आणि गरमीनं तिचं कव्हर कडक होऊन तडकतं.

खानापूरवाला

१ स्क्वेअरची वायर मीटरला साधारण ०.०१८ ओहम. बोनेटमधून आत तीन मीटर धरली तर ३ अँपिअरला दीड-दोन दशांश व्होल्ट पडतो. चालतंय. पण पाव स्क्वेअरची घेतली तर चौपट पडणार.

वडगावची_ताई

माझी गाडी नाही, पण ईसीयू दुरुस्तीचं काम करते म्हणून अर्थबद्दल सांगते. हेडलाइट लावली की आकडा सरकायचा, असं लिहिलंय ना तुम्ही? तो मिक्श्चरचा बदल नव्हता. डॅशबोर्डच्या स्क्रूपासून बॅटरीपर्यंतच्या गंजक्या वाटेवर व्होल्ट पडत होता. समजा कंट्रोलरचं आउटपुट ० ते ५ व्होल्ट आणि ते १० ते २० एएफआर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) दाखवतं. म्हणजे अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला की आकडा ०.२ नं खोटा. तेवढ्यावर विश्वास ठेवून तुम्ही ट्यूनिंग केलं असतं तर अजून पेट्रोल गेलं असतं.

ईसीयूचा अर्थ इंजिनावर जिथं बोल्टनं बसवलाय, तिथंच कंट्रोलरचा अर्थ द्या. हीटरची आणि सिग्नलची अर्थ वायर वेगळी दिली असेल तर दोन्ही त्याच बोल्टवर, पण प्रत्येकीला स्वतःचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी). बोल्टाखालचा रंग खरवडून काढा. थिंबल पकडीनं चेपू नका, क्रिंपिंगच्या हत्यारानं दाबा आणि वर हीटश्रिंक नळी चढवा.

आणि सेन्सरच्या बाजूची वायर लांब पडली तरी तोडून जोडू नका. त्या प्लगच्या आत कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, तो त्याच सेन्सरसाठी मोजून बसवलेला. प्लग कापला की सेन्सर गेलाच समजा. कंट्रोलर हलवा, वायर नाही.

शहापूरचा_सोलेक्स

आमच्यासारख्या कार्ब्युरेटरवाल्यांनी काय करायचं गा? मारुती ८०० जुनी, पंप इंजिनावरच, वायर नाहीच.

उद्यमबाग_फिटर

तुमच्यासाठी ऑइल प्रेशरचा स्विच आहे. प्रेशर नसताना तो अर्थ देतो, म्हणून चावीवर लाल दिवा पेटतो. पाच पिनांचा रिले घ्या, ज्याला ८७ए असतो. ८६ ला चावीचा १२ व्होल्ट, ८५ ऑइल स्विचच्या वायरीवर. ३० ला पण फ्यूज घालून चावीचाच १२ व्होल्ट द्या, आणि कंट्रोलर ८७ए वरून. चावी ऑन, इंजिन बंद, तर रिले ओढलेला आणि कंट्रोलर बंद. इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की स्विच उघडतो, रिले सुटतो आणि कंट्रोलर चालू. पण ३० ला बॅटरीचा थेट प्लस दिलात तर गाडी उभी असताना रात्रभर हीटर चालू राहील आणि सकाळी धक्का मारायला गल्लीतली पोरं गोळा करायला लागतील.

शहापूरचा_सोलेक्स

भारी. अजून एक, चोर्ला उतरून गोव्यात गेलो की माझी गाडी लीन होते (पेट्रोल कमी, हवा जास्त) असं वाटतं. खरं असेल?

खानापूरवाला

खरं. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, खाली हवा दाट. इथं बसवलेला जेट (कार्ब्युरेटरचं पेट्रोलचं भोक) तिथं थोडा लीनच पडणार. जिप्सीला ही कटकट नाही, तिच्यात हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो, त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. अन् मीटर एएफआरवर ठेवू नका, लॅम्डावर ठेवा (एएफआर भागिले त्या पेट्रोलचा बरोबर आकडा; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त). पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मिळतंय, त्याचा बरोबर आकडा साडेतेराच्या आसपास येतो, १४.७ नाही. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कुठलंही असो.

निपाणीकर

बरं, रिले मी पण घालतो.

जांबोटीकर

रविवारी केलं सगळं. रिले बॅटरीशेजारी, तोंड खाली करून, म्हणजे पाणी आत राहणार नाही. अर्थ इंजिनावर, रंग खरवडून. फायरवॉलच्या भोकात रबर घातलं, वायर कोरुगेटेड पाइपातून नेली. नट वेल्ड करणाऱ्यानं सेन्सर जवळजवळ आडवा बसवला होता, तो बदलून घ्यायला लागला. आता दहा वाजताच्या काट्यासारखा तिरका वर आहे, म्हणजे त्यात पाणी साठत नाही.

मल्टिमीटर लावला. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.९, कंट्रोलरच्या प्लगवर १३.७. हेडलाइट, वायपर, फॅन सगळं लावलं तरी दोन्हींतला फरक तेवढाच. लायटरवरून घेतलं होतं तेव्हा प्लगवर १२.४ येत होता, ते मी तेव्हा मोजलंच नव्हतं. परवा जुना जोड तात्पुरता लावून मोजला.

काल पहिल्या रेल्वे गेटला फाटक पडलं, दहा मिनिटं उभा. आयडलला लॅम्डा ०.९८ ते १.०२ मध्ये नाचत होता, म्हणजे तिथं काही बिघडलेलं नाही. फाटक उघडल्यावर दुसऱ्या गिअरात थोडं दाबलं की ०.८ च्या खाली जातो आणि पाय सोडला तरी लगेच वर येत नाही. पेट्रोल तिथंच जातंय. इंजेक्टर काढून साफ करायला टाकतोय. ताई, कंट्रोलरची लॉग फाइल तुम्हाला पाठवली तर बघाल का?

वडगावची_ताई

पाठवा. पण आधी एकदा फ्युएल प्रेशर मोजून घ्या, इंजेक्टर नंतर.