मदत हवी आहे: बोनेटवर घासणीचे ओरखडे, घरीच मशीनने पॉलिश करू का?

नमस्कार मंडळी,

आधी गुन्हा कबूल करतो. गाडी सोसायटीत आंब्याखाली उभी असते. बोनेटवर पक्ष्यांची घाण वाळून दगड झाली होती, ओल्या फडक्याने निघेना. मी स्वयंपाकघरातली भांड्यांची हिरवी घासणी आणली आणि दिली घासून. घाण गेली. पाणी सुकल्यावर कळलं की चकाकीही गेली.

गाडी बाबांची, 2016ची, गडद निळी मेटॅलिक, कंपनीचाच रंग. बाबा ताईकडे नाशिकला गेलेत, 24 तारखेला परत येतील. तोवर काहीतरी करायचंय.

बोनेटवर ताटाएवढे दोन धुरकट डाग आहेत, उन्हात बारीक रेघांचं जाळं दिसतं. डाव्या पुढच्या दारावर वीतभर लांब एक जुना चरा आहे, त्यात राखाडी दिसतं. आणि बंपरच्या कोपऱ्याला पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग लागलाय (हा मात्र मी नाही).

मामेभावाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तो म्हणतो, माझ्या ग्राइंडरला पॉलिशचा लोकरी पॅड बसतो, घेऊन जा. शेजारचे काका म्हणतात टूथपेस्ट लाव. कोणाचं ऐकू?

– निळीगाडी

ग्रीसचेहात: ग्राइंडर परत कर. आज, आत्ता. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो, बहुतेकांना वेग कमी करायची सोयच नसते. रोटरी पॉलिशरसुद्धा (पॅड नुसता गोल फिरवणारं पॉलिशचं मशीन) 3,000 च्या पुढे सहसा न्यायचा नसतो, आणि शिकाऊ माणसाने त्याच्या निम्म्यातच राहावं. ग्राइंडरने बोनेटच्या कडेवरचा रंग जळायला काही सेकंद पुरतात. मग पॉलिश नाही, पेंटिंगच.

आता एक काम कर. गाडी धू, सुकव आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरव. अडतंय का ते सांग.

पुणेरीपाटी: टूथपेस्ट दातांसाठी असते. काकांना नम्रपणे कळवावे.

निळीगाडी: बोनेटवर नख कुठेच अडत नाही. दारावर मात्र खाचेत चक्क बसतं. टूथपेस्ट रद्द.

ग्रीसचेहात: मग बोनेट वाचेल. दाराचा नाद सोड. का ते सांगतो.

पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश केल्याने ओरखडा 'भरत' नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट आपण त्याच्या तळापर्यंत खाली आणतो, एवढंच. त्यामुळे जितका खोल ओरखडा, तितका थर कायमचा गेला. दारावर राखाडी दिसतंय म्हणजे तो क्लिअर आणि रंग दोन्ही पार करून प्रायमरला पोचलाय. तिथे मशीन फिरवून चरा जाणार नाही, भोवतालचा क्लिअर मात्र जाईल. त्याला टच-अप पेन (चऱ्यात रंग भरायचं). रंगाचा कोड गाडीच्या पाटीवर मिळतो, तो बघूनच घे. 'निळा द्या' म्हणून घेऊ नकोस, निळ्याचे पन्नास प्रकार असतात.

डोंबिवलीफास्ट: मी मागच्या वर्षी घरी केलंय. डीए पॉलिशर घ्या (ड्युअल अ‍ॅक्शन). यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय हेलकावेही खातो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी कापते जोरात, पण नवख्या हातात उन्हात दिसणारे गोल गोल होलोग्राम (पॅडचे माग) सोडते. गडद रंगावर तर फारच. मला मशीन एका ओळखीच्या डिटेलिंगवाल्याने (गाड्या चकाचक करून देणाऱ्याने) दोन दिवस भाड्याने दिलं, विकत घ्यायची गरज पडली नाही.

निळीगाडी: डीए मिळतंय, ऑफिसातल्या एकाकडे आहे. पॅड आणि कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) कोणतं? बोनेटभर एकदम फिरवू का?

ग्रीसचेहात: एकदम नाही! आधी हातभर चौकोनात करून बघ.

धुतल्यावर पाणी लावून क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) फिरव. बोटांना खरखर लागते ती त्याने निघते. ती तशीच ठेवून मशीन लावलंस तर पॅडखाली तीच वाळू फिरेल आणि नवे ओरखडे येतील. कडा, रबर, काळं प्लास्टिक यांना मास्किंग टेप. कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

सुरुवात मऊ फोम आणि बारीक पॉलिशने. त्याने भागलं तर भागलं. नाहीच भागलं तर जरा कडक फोम आणि कंपाउंड, आणि शेवटी पुन्हा मऊ पॅड. लोक उलटं करतात, सगळ्यात जहाल आधी. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकव, आधी कमी वेगात पसरव, मग वेग वाढव. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. दाब फक्त इतका की पॅड फिरायचा थांबू नये. उभे-आडवे चार-पाच फेरे झाले की पुसून बघ.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नकोस. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने पुस आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धर. मग खरं दिसेल. आणि हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना. पुण्यात मे महिन्यात म्हणजे सकाळी सातला.

बंपर प्लास्टिकचा, उष्णता धरून ठेवतो, तिथे मशीन नको. खांबाचा रंग वरवर बसलेला असतो. फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हातानेच घास.

पुणेरीपाटी: आणि रोज गाडी पुसायला येणाऱ्यांचं एक बादली-एक फडकं बंद करा. बारा गाड्यांची धूळ तुमच्या बोनेटवर घासली जाते. जाळं अर्धं तिथलंच असणार.

निळीगाडी: रविवारी केलं. सात वाजता सुरू केलं, साडेदहापर्यंत फक्त बोनेट! खांदे गेले. मऊ पॅडने जेमतेम फरक पडला, कंपाउंडच्या दोन फेऱ्यांनी एक डाग पूर्ण गेला. दुसऱ्यात टॉर्च धरला की तीन-चार रेघा अजून दिसतात. खांबाचा पिवळा दहा मिनिटांत निघाला. वर मेण लावलंय. उरलेल्या रेघांसाठी तिसरी फेरी मारू का?

ग्रीसचेहात: टॉर्चशिवाय दिसतात का?

निळीगाडी: नाही.

ग्रीसचेहात: मग मशीन परत देऊन ये. तेवढा क्लिअर पुढच्या वेळेसाठी राहू दे.

निळीगाडी: दिलं. टच-अप पेन मागवलंय, शुक्रवारी येईल. बाबांचा आज फोन आला होता, पहिला प्रश्न: "गाडी आंब्याखालीच लावतोस ना, सावलीत?"