मदत हवी आहे : टी-पेशी आणि एनके पेशी, दोघींचं चित्र एकच कसं?

नमस्कार मंडळी. टी.वाय.बी.एस्सी., मायक्रो. सोमवारी इम्युनॉलॉजीची तोंडी आहे आणि मी एकाच जागी अडकलेय. नोट्समध्ये सायटोटॉक्सिक (पेशी मारणाऱ्या) टी-पेशीचं एक पान, एनकेचं (नॅचरल किलर पेशीचं) एक. दोन्हीकडे तेच: पेशी चिकटली, कणिकांतून परफोरिन (भोकं पाडणारं प्रथिन) बाहेर, समोरचीच्या पटलाला भोकं, ग्रॅन्झाइम (मारणारी विकरं) आत, खेळ खल्लास. वरचं नाव झाकलं तर कुठलं पान कुणाचं ते मलाच सांगता येत नाही. फॅस लिगँड (समोरचीला मरणाचा इशारा देणारं प्रथिन) वाचलं, तर तेही दोघींकडे! (मॅक्रोफेज गिळतो, तिथे काही अडचण नाही.)

दुसरी शंका जरा बावळट आहे. इतक्या चिकटून असताना मारणारीच्या स्वतःच्या पटलाला भोकं का पडत नाहीत?

प्रतिसाद

बावळट कसली, परीक्षकाला आवडेल अशी शंका आहे. मारायची रीत एकच आहे, फरक ओळखण्यात आहे. टी-पेशीला एमएचसी-१ वर (आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणारा रेणू) मांडलेला विषाणूच्या प्रथिनाचा नेमका तुकडा दिसावा लागतो. एनकेचं उलट: एमएचसी-१ दिसलं की ती आवरतं घेते, नसेल तर तिला संशय येतो. क्लास केरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांत हेच दाखवलं. एमएचसी गमावलेल्या लिम्फोमा (लसिका-कर्करोगाच्या) पेशी एनकेंनी टिकू दिल्या नाहीत. शिवाय अँटिबॉडी चिकटलेली पेशीही एनके आपल्या सीडी-१६ या ग्राहीने पकडते.

एम.एस्सी.ला आम्ही के-५६२ (रक्ताच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींत किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरून त्या एनकेंबरोबर चार तास ठेवायचो. पेशी फुटली की क्रोमियम वरच्या द्रवात येतं, ते मोजायचं. के-५६२ च का? तिच्यावर एमएचसी-१ जवळजवळ नसतंच.

भोकांचं म्हणशील तर कणिकेच्या आत आम्लता असते, तिथे परफोरिन निपचित पडून राहतं. बाहेर कॅल्शियम मिळालं की कामाला लागतं. पण मारणारीच्या पटलातले लिपिड त्या जागी इतके दाटीने बसलेले असतात की परफोरिनला शिरकाव मिळत नाही. चुकून चिकटलंच तर तिथलं फॉस्फॅटिडिलसेरिन हे लिपिड त्याला अडकवून निकामी करतं.

धागाकर्ती

ताई, खूप आभार! म्हणजे टी-पेशी के-५६२ ला हात लावणार नाही? आणि फॅसला कणिका लागतच नाहीत का?

प्रतिसाद

तुकडा मांडायला एमएचसीच नाही, तर टी-पेशी ओळखणार कशावरून? फॅसला भोकं लागत नाहीत. फॅस लिगँडने समोरचीच्या पटलावरचा फॅस हा ग्राही ओढला की तिच्या आत कॅस्पेस-८ हे विकर जागं होतं आणि पुढचं ती स्वतःच उरकते. कॅस्पेसची साखळी मात्र पाठ करून जा, तिथे हमखास अडवतात.